कुंपणावरचा लाल शर्ट

माझ्या मामाकडे एक लाल शर्ट होता आणि तो त्यानं जन्मात एकदाही अंगात घातला नाही. कुणाच्या तरी लग्नासाठी आईनं तो हौसेनं आणला होता. रंग असा, की पिशवीत घालताना दुकानदारानंसुद्धा तोंड फिरवलं असेल. मामानं घडी मोडून बघितली आणि म्हणाला, "ताई, हा माणसानं घालायचा की बैलासमोर हलवायचा?"

आई म्हणाली, "तू घातलास तर बैल आपणहून वाट सोडेल. घाल."

त्यानं घातला नाही. लग्नाला जुनाच चौकड्याचा शर्ट घालून गेला आणि वर स्वतःचं लग्न का झालं नाही म्हणून कुणी विचारलं तर "शर्ट लाल होता हो" असं सांगायला लागला. तसं त्या विधानात तथ्य नव्हतं. मामाचं लग्न झालं नाही त्याची कारणं पुष्कळ होती आणि त्यातली बरीचशी त्याच्या अंगाला वास बनून चिकटलेली होती. मामा झाडांवर औषध मारायचा. शेतात नाही, ऑफिसांच्या एका मोठ्या आवारात. तिथं काचेच्या चार इमारती, मध्ये हिरवळ, गुलाबांचे वाफे, आणि मागच्या भिंतीलगत माणसाच्या खांद्याएवढं जास्वंदीचं लांबलचक कुंपण. त्या सगळ्यावरचा मावा, कोळी, अळ्या आणि पांढरी माशी यांचा बंदोबस्त मामाकडे. पाठीवर पंप, हातात नळी, तोंडावर मास्क. लांबून बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेली गोगलगाय दिसायची. फक्त ही गोगलगाय उलटी चालायची. फवारलेल्या ओल्या पानांतून आपणच पुढे जायला नको, म्हणून मामा फवारताना एकेक पाऊल मागे येत काम करायचा. आई म्हणायची, "जग पुढे चाललंय, आणि आमचा शहाणा बघा."

'शहाण्या' हे आईचं मामासाठीचं नाव. तिनं त्याला दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. लाडात असली तरी शहाण्या, संतापली तरी शहाण्या. कुठला शहाण्या कुठला, ते मामाला आवाजावरून कळायचं.

आम्ही तिघं दोन खोल्यांत राहायचो. वडील मला आठवत नाहीत, त्यामुळे घरातला पुरुष म्हणजे मामाच, आणि त्या पुरुषाला घरात यायला रोज परवानगी लागायची. कामावर नळाखाली आंघोळ करून, कपडे बदलून तो यायचा, तरी आई दारात आडवी.

"धुतलास?"

"धुतलं."

"परत धू."

मग मामा बाहेरच्या नळावर परत हातपाय, मान, कानाच्या पाठी घासायचा. त्याच्या कामाच्या कपड्यांची बादली वेगळी, साबण वेगळा, दोरीसुद्धा वेगळी. आई ही शिस्त कुठं शिकली नव्हती. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मामा काम करून तसाच आला, तसाच जेवायला बसला आणि ताटावरच आडवा झाला, तेव्हापासून ही दारातली तपासणी सुरू झाली.

तर तो शर्ट. एकदा सकाळी मामानं गुलाब फवारले आणि कुणी एक बूटवाले साहेब ओल्या हिरवळीतून थेट वाफ्यात शिरले. फुलाला नाक लावणार, तेवढ्यात मामा लांबून ओरडला. काय ओरडला ते मी लिहीत नाही. साहेबांचा जीव वाचला आणि मामाची कानउघाडणी झाली. दुसऱ्या खेपेला मामानं तो लाल शर्ट घरून नेला, फावड्याच्या दांड्याला बाह्या पसरून बांधला आणि दांडा वाफ्यात रोवला. पानं नीट सुकली, वास गेला, स्वतःची खात्री झाली, की मगच तो शर्ट उतरवून घडी करून शेडमध्ये ठेवायचा. शर्ट लागलेला असताना आत पाऊल नाही. शर्ट उतरला की खुशाल लोळा.

आवारातल्या सगळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलं की ती एक म्हणच होऊन बसली. "शर्ट लागलाय का?" असं लिफ्टमध्येसुद्धा विचारायचे, आणि ते झाडांबद्दल नसायचं. "आज मोठ्या साहेबांचा शर्ट लागलाय, रजेचा अर्ज उद्या दे," असं चालायचं. मामाला हे कळलं तेव्हा तो दिवसभर गालात हसत होता. माणसाच्या नावानं रस्ते होतात, मामाच्या शर्टाच्या नावानं साहेबांचा राग झाला.

हा शर्ट सगळ्यांत जास्त कुणाच्या कामाचा होता, तर माझ्या आईच्या. मामानंच शब्द टाकून तिला त्या इमारतीत सफाईच्या कामाला लावलं होतं. सफाईच्या बायकांना तिथल्या कँटीनमध्ये बसायची मनाई नव्हती, पण बसलं की आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायची. तेव्हा त्या आपले डबे घेऊन मागच्या बाजूला जायच्या. जास्वंदीचं कुंपण आणि भिंत यांच्यामधे सावलीची एक पट्टी होती, तिथं पाय पसरून जेवायच्या. आई रोज खिडकीतून आधी खाली बघायची. शर्ट दिसला तर त्या दिवशी जिन्याखाली जेवण, नाही तर कुंपणामागे.

मग नवीन मॅनेजर आला. वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी झाली असती. हा मनापासून चांगला होता. मामाला 'मामा' म्हणायचा, खांद्यावर हात ठेवायचा. फक्त त्याला तो शर्ट बघवत नव्हता. "मामा, बुजगावण्यासारखं दिसतं हो. बाहेरून माणसं येतात. आपण रीतसर बोर्ड करू."

बोर्ड आले. पिवळे धमक, लोखंडी पायावर, वर कवटी आणि खाली ठळक अक्षरात: औषध फवारले आहे, आत येऊ नये. मामा खूश. घरी येऊन आईला सांगितलं, "ताई, आता आपलं काम सरकारी झालं बघ." शर्ट घडी करून शेडमध्ये गेला.

सुरुवातीला मामा फवारणीपुरते बोर्ड रोवायचा आणि सुकलं की उपटायचा. पण ते लोखंडी पाय जमिनीत ठोकायचे, परत उपसायचे, म्हणजे कंबरड्याचं काम. त्यात मॅनेजरच्या लक्षात आलं, की बोर्ड असले की हिरवळीवर कुणी पाय ठेवत नाही आणि गवत कसं गालिच्यासारखं उठून दिसतं. तो म्हणाला, "मामा, काढूच नका. राहू देत."

मामा म्हणाला, "साहेब, मग खरंच मारलेलं कळणार कसं?"

"बोर्ड आहेत की."

मामाला हे पटलं नाही, असं तो पुढे म्हणायचा. पण कंबरेला पटलं. बोर्ड राहिले.

पहिल्यांदा सगळे बिचकले. मग एका रखवालदारानं गेटाकडे जायला मधली वाट पाडली, त्याला काही झालं नाही. मग सिगारेटवाले हिरवळीवर यायला लागले. मग सफाईच्या बायका जिन्याखालच्या कोंदटपणाला कंटाळून परत कुंपणामागे जाऊन बसल्या. तिथंही एक बोर्ड होता. त्याच्या वरच्या कडेला त्या डब्यांच्या पिशव्या अडकवायच्या. कवटीच्या दोन्ही कानांना पिशव्या लटकलेल्या.

मामानं ते बघितलं तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या या पाव्हण्याला दात आहेत, पण खात काही नाही. म्हटलं पिशव्या तरी सांभाळ."

मामा हसला. हसता हसता म्हणाला, "मारायचं असेल त्या दिवशी मी तुला सकाळी तोंडानं सांगत जाईन."

आणि तो सांगायचा. दोघं एकत्रच कामावर निघायचे, वाटेत सांगून व्हायचं. फवारणी नेहमी पहाटेची, वारा पडलेला असताना. ही सोय चांगली चालली होती. तिच्यात एकच खोट होती, की ती फक्त पहाटेपुरती होती.

त्या दिवशी मामानं आईला काही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालक कंपनीचे मोठे लोक येणार होते. दहाच्या सुमाराला मॅनेजर आवारात फेरी मारायला निघाला आणि मागच्या जास्वंदीवर कुणी कापूस पिंजून टाकावा तसा पांढरा थर त्याला दिसला. पिठ्या ढेकूण. नुसतं बोट लावलं तरी चिकट.

"मामा, हे उद्या दिसता कामा नये."

"साबणाचं पाणी मारतो. पण उद्यापर्यंत नाही जायचं. चार-पाच दिवस धरा."

"उद्या म्हटलं ना मी."

औषधाच्या बाटल्यांवर रंगाचा पट्टा असतो. हिरवा सगळ्यांत सौम्य, लाल सगळ्यांत जहर. माणसांची ये-जा असते तिथं लाल पट्ट्याची बाटली उघडायची नाही, असं मामानं स्वतःला घालून घेतलं होतं. शेडच्या कपाटात ठेकेदारानं कधीतरी आणून ठेवलेली एक होती. मामा सांगायचा, "मी कुलूप काढलं तेव्हाच कळत होतं, की हे करू नये." पण कळलं म्हणून हात थांबला नाही. त्यानं हातमोजे घातले, मास्क बांधला, वाऱ्याकडे पाठ केली आणि उलटा चालत चालत सगळं कुंपण दोन्ही बाजूंनी भिजवलं. त्याच्या स्वतःच्या अंगावर थेंब पडला नाही. इतकं चोख काम.

मग तो शेडमध्ये गेला आणि त्यानं फळीवरून लाल शर्ट काढला. हे त्यानं नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, कुणी न विचारता. त्यानं शर्ट काढला, हातावर टाकला, फावडं घेतलं आणि दाराशी आला. समोर कुंड्या रचणं चाललं होतं, एक जण फोटो काढत होता आणि मॅनेजर त्याला कुंपणच दाखवत होता. मामा दाराशी उभा राहिला. मग शर्ट परत घडी करून ठेवला.

त्याऐवजी त्यानं रखवालदाराला गाठलं. सफाईच्या बायकांचे फोन कामाच्या वेळात कपाटात बंद असायचे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. "वर बायकांना निरोप दे, मागे औषध मारलंय, आज बसू नका म्हणावं." रखवालदार म्हणाला, "देतो की." तो गेलाही. जिन्यात त्याला बायकांची मुकादम भेटली. तिला म्हणाला, "मामा म्हणतात मागे औषध मारलंय." ती म्हणाली, "ठाऊक आहे. बोर्ड लावलाय की." ती खोटं बोलली नाही. बोर्ड लावलेलाच होता. निरोप तिथं पोचला आणि तिथंच संपला.

पुढचं मला जाडी मावशीनं सांगितलं. ही आईच्या बरोबरीची, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. त्या दिवशी उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. आईचा मजला लवकर उरकला म्हणून ती एकटीच आधी खाली आली. मावशी पाण्याची बाटली भरून मागून पोचली, तेव्हा आई कुंपणाला टेकून बसली होती. टेकून म्हणजे पाठ पानांत खुपसून.

"ये गं जाडे. आज माळ्यानं पाणी सोडलंय वाटतं. एसी लागल्यासारखं वाटतंय."

ओली पानं ती मानेवर फिरवत होती. वास? फरशीच्या औषधानं त्यांची नाकं केव्हाच मेली होती. कवटीच्या कानाला तिची पिशवी लटकली होती. तिनं डबा उघडला, त्याच हातांनी जेवली. जेवण संपता संपता तिला दरदरून घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली. पदरानं पुसत राहिली. मग मावशीला म्हणाली, "दिवे का गं घालवले?"

भर दुपार होती. ऊन नुसतं भाजत होतं.

मावशीच्या ओरडण्यानं मामा धावत आला. त्यानं आईचा कामावरचा ओला निळा कोट बघितला आणि त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यानं तिला उचलून शेडमागच्या नळावर नेलं, कोट आणि वरचे कपडे काढून लांब भिरकावले आणि साबण लावून पाठ, मान, केस धुवायला लागला. बायका भोवती उभ्या राहून आपल्या कोटांचा आडोसा करत होत्या. मुकादम किंचाळत होती, "अरे मरेल ती, दवाखान्यात ने, आंघोळ कसली घालतोस!" मामा ऐकत नव्हता. घासत होता. मावशी म्हणते तो एकच शब्द बोलत होता, "परत. परत. परत." मग अंगावर घालायला कोरडं असं त्या शेडमध्ये एकच काही होतं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा माझी आई लाल शर्ट घालून ढकलगाडीवर पडली होती. बटणं एक घर सोडून लागलेली. मामा शेजारी उभा होता, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती बाटली. डॉक्टर म्हणाले, "बाटली आणलीत आणि अंग धुतलंत, म्हणून इथपर्यंत तरी आल्या." मामानं हे ऐकून मान खाली घातली, जशी शिवी ऐकून घालतात.

सुया टोचल्या, नळ्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी आईनं डोळे उघडले. तिला शुद्ध आली, बोलता यायला लागलं आणि पहिली नजर स्वतःच्या बाहीवर गेली.

"घातला एकदाचा कुणीतरी," ती म्हणाली. मी हसलो. मला वाटलं, जिंकलो. ती मामाकडे वळली. "का रे, बैल दिसला का कुठं?"

मामा हसला नाही.

"शर्ट का नाही लावलास?"

"हातात घेतला होता."

"मग?"

"परत ठेवला."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शहाण्या." कुठला शहाण्या होता तो, मला कळलं नाही. मामाला कळलं असावं. तो उठून बाहेर गेला.

डॉक्टरांनी बजावलं होतं, की हे औषध दगाबाज असतं, माणूस उठून बसतो आणि मग अंगातली ताकद जाते. तसंच झालं. तिला उशीवरून मान उचलता येईना. मग गिळता येईना. मग श्वास मशीनवर गेला, आणि मशीननं काही दिवस तिच्या वतीनं घेतला. नंतर त्यानंही सोडून दिलं.

मॅनेजर आला होता. बाहेरच्या बाकावर बसून खरोखर रडला. मामानं त्याला पाणी आणून दिलं. मला ते पाणी त्याच्या अंगावर ओतावंसं वाटलं, आणि उरलेलं मामाच्या.

मी मामाशी बोलणं सोडलं. दोन खोल्यांत दोन माणसांनी न बोलणं हे सोपं काम नाही, सारखं एकमेकांना वाट द्यावी लागते. तो स्वतःची बादली स्वतः धुवायचा. संध्याकाळी यायचा आणि दार सताड उघडं असूनही उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. थोडा वेळ. कुणी काही विचारत नाही असं बघून मग नळावर जायचा. मी आतून बघायचो आणि पाठ वळवायचो.

आईचं कपाट रिकामं करा, असा निरोप आला म्हणून मी त्या आवारात गेलो. कपाटात चपला, कंगवा आणि डब्याची रिकामी पिशवी होती. ते घेऊन मागच्या बाजूनं निघालो. पिवळे बोर्ड एकही नव्हते. आई गेल्यावर मामानं तिसऱ्या दिवशीच सगळे उपटून शेडमागच्या खड्ड्यात टाकले होते आणि त्याला कुणी हटकलं नव्हतं. त्यांच्या जागी कुंपणापाशी फावड्याचा दांडा रोवलेला होता, वर लाल शर्ट. दवाखान्यानं तो पिशवीत घालून परत दिला होता, मामानं धुतला होता आणि इथं आणून बांधला होता. उन्हानं खांद्यावरचा रंग उडून गेला होता.

आणि त्याच्या मागे सावलीत बायका डबे उघडून बसल्या होत्या. फावड्याच्या दांड्याला तीन पिशव्या लटकल्या होत्या.

मी धावत त्यांच्यापाशी गेलो. "मावशी," मी म्हटलं, "शर्ट लागलाय ना?"

जाडी मावशीनं घास गिळला. "तो आता कायमचाच आहे रे बाबा. तुझ्या आईसाठी लावलाय त्यानं. काढतच नाही."

मी शेडमध्ये गेलो. मामा पंपाची वायसर बदलत होता. मला बघून उठून उभा राहिला, पाहुणा आल्यासारखा.

"कुंपणावर शेवटचं औषध कधी मारलंस?"

"त्या दिवसानंतर नाही. साबणाचं पाणीच मारतो."

"मग शर्ट काढ."

त्यानं वायसर परत हातात घेतली.

"मामा, बायका खाली जेवतायत. पिशव्या अडकवल्यात त्याला."

त्यानं दारातून बाहेर बघितलं. बराच वेळ बघत राहिला. त्यानं हे रोज बघितलेलं असणार, पण बघितलेलं नव्हतं. "राहू दे की," तो म्हणाला. "एवढा एकच राहू दे."

"सुकलंय," मी म्हटलं. "काढ."

तो गेला. बायकांनी आपापल्या पिशव्या उचलून घेतल्या. त्यानं गाठी सोडल्या. एक बाही दांड्यालाच चिकटून फाटली. ती त्यानं वेगळी सोडवली, आणि सगळं घडी करून शेडच्या फळीवर ठेवलं.

संध्याकाळी तो आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी आत कांदा चिरत होतो, त्यामुळे डोळ्यांचा हिशेब कुणाला द्यायचा नव्हता.

"धुतलास?" मी विचारलं.

"धुतलं," तो म्हणाला.

"परत धू."

नळ सुटल्याचा आवाज आला.